इन्फ्लिक्सिमॅबचा तिसरा डोस आणि वीस वर्षांपूर्वीचा क्षयजंतू

हे प्रकरण कोणा एका खऱ्या रुग्णाचे नाही. टीएनएफ या दाह चेतवणाऱ्या संकेत-रेणूला रोखणारी औषधे घेणाऱ्यांमध्ये क्षय कोणत्या क्रमाने उफाळतो, निदान कुठे चुकते आणि उपचारांत कोणते अडथळे येतात, हे सगळे एकाच केसपेपरवर आणून ते अभ्यासासाठी रचले आहे. परिस्थिती मुद्दाम हीच निवडली. क्षयजंतू मॅक्रोफेजच्या, म्हणजे त्यालाच गिळायला नेमलेल्या भक्षक पेशीच्या, पोटात कसा तगतो याचे प्रयोगशाळेतले दाखले पुष्कळ आहेत. पण माणसाच्या शरीरात हा समतोल कशावर तोललेला असतो ते बघायचे, तर त्यातला एकच रेणू काढून घेऊन काय होते ते पाहावे. इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ अडवणारे औषध नेमके तेच करते.

रुग्ण

पुरुष, वय ५२, वजन ६४ किलो. सात वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आठवड्याला १५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट आणि रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू असूनही सांध्यांची सूज उतरत नव्हती. म्हणून इन्फ्लिक्सिमॅब ठरले: किलोमागे ३ मिलिग्रॅम या हिशेबाने २०० मिलिग्रॅम शिरेतून, पहिल्या डोसनंतर दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात पुन्हा, आणि मग दर आठ आठवड्यांनी. तिसऱ्या डोसपर्यंत सांधे इतके सुधारले की सकाळचा आखडलेपणा जवळजवळ गेला.

दहाव्या आठवड्यात रोज संध्याकाळी ताप येऊ लागला. रात्री घाम, भूक मंदावलेली, थोडा कोरडा खोकला. आधी हा संधिवाताचाच उठाव असावा असे धरून प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅम केले. ताप दोन दिवस उतरला, परत आला. मग छातीतला संसर्ग म्हणून लिव्होफ्लॉक्सासिन ७५० मिलिग्रॅम पाच दिवस दिले. ताप पुन्हा उतरला, पुन्हा आला. तेराव्या आठवड्यात वजन ५८ किलो भरले आणि एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांत वरपासून खालपर्यंत १ ते ३ मिलिमीटरचे एकसारखे ठिपके दिसले. हा मिलिअरी, म्हणजे रक्तावाटे पसरलेला क्षय. चौदाव्या आठवड्यातला चौथा डोस रद्द झाला.

वेळापत्रक अगदी ठरल्यासारखे आहे. २००१ मध्ये अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेकडे आलेल्या नोंदींवरून इन्फ्लिक्सिमॅबनंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत औषध सुरू केल्यापासून निदानापर्यंतचा मध्यक काळ १२ आठवडे होता. ४८ जणांना तीन किंवा त्याहून कमी डोस मिळालेले होते. ४० जणांत रोग फुप्फुसाबाहेर होता आणि त्यांतल्या १७ जणांत तो सर्वत्र पसरलेला होता. नुकत्याच लागलेल्या संसर्गाचा रोग होण्याची घाई इतकी एकसारखी सहसा नसते. औषध सुरू होताच ठराविक काळात इतके रुग्ण एकत्र दिसतात, याचा अर्थ बहुतेकांमध्ये जंतू आधीपासूनच होते.

सुरुवातीचे तीन कागद

औषधापूर्वी तपासण्या झाल्या होत्या, आणि प्रत्येकीवर कोणीतरी सहीही केली होती. त्वचेत टोचून करायच्या माँटू चाचणीत ७२ तासांनी ४ मिलिमीटर कडकपणा. टीएनएफ रोधक देण्यापूर्वी ५ मिलिमीटरपासून पुढे पॉझिटिव्ह धरतात, म्हणून ही निगेटिव्ह. एक्स-रेत उजव्या फुप्फुसात कॅल्शियम साचलेला एक छोटा ठिपका आणि त्याच बाजूच्या मुळाशी तशीच एक गाठ. शेरा: ‘जुना, भरलेला डाग, सक्रिय रोग नाही.’ तिसरी तपासणी रक्ताची, इग्रा: क्षयजंतूची प्रथिने समोर आल्यावर प्रतिकारशक्तीच्या टी पेशी गॅमा इंटरफेरॉन हा संकेत-रेणू किती सोडतात ते ती मोजते. तिचे आकडे आंतरराष्ट्रीय एककांत प्रति मिलिलिटर असे: निल (काहीच चेतक नसलेली) नळी ०.०६, टीबी-१ नळी ०.२१, टीबी-२ नळी ०.२४, मायटोजेन नळी ०.३८.

निकाल वाचायची रीत अशी. टीबी नळीतून निल वजा केल्यावर ०.३५ किंवा जास्त उरले, आणि ते निलच्या निदान २५ टक्के असले, तर पॉझिटिव्ह. इथे ०.१५ आणि ०.१८ उरतात. पण निगेटिव्ह म्हणण्याआधी मायटोजेन नळी बघावी लागते. त्या नळीतले रसायन क्षयाशी संबंध नसतानाही टी पेशींना चेतवते. या रक्तातल्या पेशी गॅमा इंटरफेरॉन तयार करू शकतात का, एवढेच ती तपासते. तिथे निल वजा जाता ०.५ हवेत. इथे ०.३२ होते. म्हणजे निकाल अनिर्णित. प्रयोगशाळेने तसेच छापले. संदर्भपत्रात त्याचे ‘इग्रा पॉझिटिव्ह नाही’ झाले आणि पुढच्या टेबलावर ‘निगेटिव्ह’. अनिर्णित इग्रा पुन्हा करायचीच असते: ताजे रक्त, प्रत्येक नळीत १ मिलिलिटर, नळ्या दहा वेळा हलवून आतल्या बाजूचे आवरण रक्तात मिसळलेले, आणि रक्त काढल्यापासून १६ तासांच्या आत ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये. नळ्या रात्रभर बाहेर पडून राहिल्या, तर मायटोजेनचा आकडा पडण्याचे ते एक कारण असते. दुसरे कारण या रुग्णाच्या रोजच्या गोळ्यांमध्ये होते: प्रेडनिसोलोन टी पेशींना दाबते.

त्या आकड्यांत आणखी एक खूण होती, जी नियमात बसत नाही पण जाणत्या नजरेला खटकते. सर्वात जोरदार चेतना दिल्यावर पेशींनी ०.३२ दिले, आणि क्षयजंतूच्या प्रथिनांना ०.१८. दबलेल्या प्रतिसादातला अर्ध्याहून जास्त वाटा क्षयजंतूसाठी होता. यावरून निदान करता येत नाही, पण फोन उचलून दुसरे रक्त मागवता येते.

चौथी गोष्ट कागदावर आलीच नाही, कारण प्रश्न ‘तुम्हाला कधी टीबी झाला होता का?’ असा होता. उत्तर ‘नाही’, आणि ते खरेच होते. ‘घरात कोणाला झाला होता का?’ हे निदानानंतर विचारले गेले. विशीच्या शेवटी, दोनेक वर्षे, हा रुग्ण क्षय असलेल्या काकांच्या खोलीत झोपत असे.

वीस वर्षे जंतू कुठे होता

श्वासातून आलेले १ ते ५ मायक्रॉनचे कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथला मॅक्रोफेज जंतूला कॉम्प्लिमेंट रिसेप्टर-३, मॅनोज रिसेप्टर अशा दारांतून आत घेतो. इतर बहुतेक जंतूंच्या बाबतीत पुढचे ठरलेले असते. ज्या पिशवीत जंतू गिळला गेला तो फॅगोसोम हळूहळू पक्व होतो: त्याच्या आवरणावरचे रॅब-५ हे प्रथिन जाऊन रॅब-७ येते, पीआय३पी नावाचा मेदरेणू आवरणावर जमतो, व्ही-एटीपेझ हे पंप आत प्रोटॉन ढकलून आम्लता वाढवतात, म्हणजे पीएच ५ च्या आसपास किंवा खाली नेतात, आणि शेवटी लायसोसोम, म्हणजे पाचक एन्झाइमांची पिशवी, येऊन मिसळतो.

१९७१ मध्ये आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट यांनी मॅक्रोफेजच्या लायसोसोममध्ये खुणेसाठी फेरिटिन हे लोहयुक्त प्रथिन भरून ठेवले आणि मग क्षयजंतू गिळायला दिले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मेलेल्या जंतूंच्या फॅगोसोममध्ये फेरिटिन आलेले दिसले. जिवंत जंतूंच्या बऱ्याच फॅगोसोममध्ये ते आलेच नव्हते. पुढे आम्लता मोजली गेली. जिवंत मायकोबॅक्टेरिया असलेल्या फॅगोसोमचा पीएच ६.२ ते ६.५ च्या आसपास थबकतो, कारण पंपच पुरेसे येत नाहीत. फॅगोसोम मुदतीआधीच्या, कोवळ्या अवस्थेत अडकून पडतो. पेशीच्या पृष्ठभागाकडून येणारी ये-जा चालू राहते, त्यातून जंतूला लोहही मिळते. लोह ओढून घ्यायला त्याच्याकडे मायकोबॅक्टिन हा स्वतःचा रेणू आहे. लायसोसोमकडचे दार मात्र बंद.

हे दार एकाच कडीने बंद होत नाही, आणि इथेच लोकप्रिय वर्णने घसरतात. जंतूच्या पेशीभित्तिकेतला मॅनलॅम हा साखर-मेद रेणू पीआय३पी तयार होण्याच्या वाटेत आडवा येतो. सॅपएम हे एन्झाइम तयार झालेल्या पीआय३पीवरचे फॉस्फेट तोडून टाकते. पीटीपीए हे दुसरे एन्झाइम व्ही-एटीपेझच्या एका घटकाला चिकटून पंपांना फॅगोसोमवर बसू देत नाही, आणि लायसोसोमशी मिसळण्याला लागणाऱ्या व्हीपीएस-३३बी या प्रथिनावरचे फॉस्फेट काढून टाकते. पीकेएनजी नावाचे किनेझही त्याच कामात हातभार लावते. एक कडी निकामी केली तर जंतू दुबळा होतो, पण मरतोच असे नाही. १९७५ मध्ये त्याच दोघांनी जंतूंवर प्रतिद्रव्ये चढवून लायसोसोमला मिसळायला भाग पाडले. तरी पुष्कळ जंतू जगले. दार बंद ठेवणे हा त्याच्या बचावाचा एक भाग आहे, सगळा बचाव नव्हे.

बाकीचा बचाव अंगावरच असतो. जाड, मेणचट, मायकोलिक आम्लांची भित्तिका, आम्लात स्वतःच्या आतला पीएच राखण्याची क्षमता, मॅक्रोफेजने सोडलेला हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणारे कॅटजी हे एन्झाइम, सुपरऑक्साइडसाठी वेगळे, आणि पेशीत ऑक्सिडीकरणाचा तोल राखणारे मायकोथिऑल. नायट्रिक ऑक्साइड वाढले किंवा प्राणवायू कमी झाला, की डॉसआर नावाचा नियंत्रक पन्नासच्या आसपास जनुके एकत्र चालू करतो आणि जंतू वाढ मंदावून टिकण्याच्या बेताला लागतो. नायट्रिक ऑक्साइडबद्दलची बरीचशी माहिती उंदरांतून आलेली आहे. उंदराच्या मॅक्रोफेजमध्ये तो प्रमुख मारक आहे. माणसाच्या मॅक्रोफेजमध्ये त्याचा वाटा तितका स्वच्छ दिसत नाही. उंदरावरचे निष्कर्ष या रुग्णाला लावताना हे विसरता येत नाही.

अन्नाचा प्रश्न त्याने विलक्षण सोडवला आहे. साखरेवर अवलंबून न राहता तो पेशीतले मेद खातो. एमसीई-४ ही वाहक यंत्रणा यजमानाचे कोलेस्टेरॉल आत ओढते; मेदाम्लांवर दीर्घकाळ जगण्यासाठी आयसोसायट्रेट लायेझ लागते, आणि ते नसलेला जंतू उंदरात फार काळ टिकत नाही. ग्रॅन्युलोमामध्ये, म्हणजे जंतूंभोवती जमलेल्या रक्षक पेशींच्या गाठीमध्ये, मेदाच्या थेंबांनी फुगलेले, फेसाळ दिसणारे मॅक्रोफेज असतात ते याच संदर्भात.

शेवटचे हत्यार म्हणजे ईएसएक्स-१ ही स्रवणयंत्रणा. तिच्यातून ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिने बाहेर पडतात आणि पीडीआयएम या मेदाच्या साथीने फॅगोसोमचे आवरण फाटते. जंतूचा किंवा त्याच्या डीएनएचा पेशीद्रवाशी संबंध येतो. त्यावर पेशीचा प्रतिसाद दुहेरी असतो: एकीकडे ऑटोफॅजी, म्हणजे फाटलेली पिशवी नव्या आवरणात गुंडाळून लायसोसोमकडे नेणे, दुसरीकडे पहिल्या प्रकारचे इंटरफेरॉन, जे क्षयात बहुधा जंतूच्याच पथ्यावर पडतात. बीसीजी लशीच्या जंतूत या यंत्रणेचा महत्त्वाचा भाग असलेला आरडी-१ हा जनुकपट्टाच नाही. काल्मेत आणि गेरां यांनी १९०८ ते १९२१ या काळात २३० वेळा उपसंवर्धन करत तो जंतू निवळवला, त्यात हा पट्टा गळाला. आणि इग्राच्या टीबी नळ्यांत असते ते याच ईसॅट-६ आणि सीएफपी-१० प्रथिनांचे तुकडे. म्हणून बीसीजी घेतलेल्यांत ही चाचणी फसत नाही. जंतू ज्या हत्याराने फॅगोसोम फाडतो त्याच हत्याराची आठवण टी पेशींनी ठेवली आहे का, असे ती विचारते. जंतू आज जिवंत आहे का, किती आहेत, कुठे आहेत, यांतले काहीही ती सांगत नाही. आठवण ठेवणाऱ्या पेशीच गुंगीत असतील, तर ‘आठवत नाही’ हे उत्तर निरुपयोगी ठरते.

‘सुप्त’ या शब्दाने सगळे जंतू झोपलेले आहेत असे वाटते. माकडांवरच्या अभ्यासांत एकाच प्राण्यातले वेगवेगळे ग्रॅन्युलोमा वेगवेगळ्या अवस्थेत सापडतात: एक निर्जंतुक झालेला, शेजारच्यात जंतू टिकून. या रुग्णाच्या कॅल्शियम साचलेल्या ठिपक्याबाबतही म्हणूनच ‘भरलेला’ हे विधान एक्स-रेच्या आवाक्याबाहेरचे होते.

टीएनएफ काढून घेतल्यावर

या समतोलात टीएनएफची कामे निदान चार. गॅमा इंटरफेरॉनच्या जोडीने ते मॅक्रोफेजला चेतवते; चेतलेल्या मॅक्रोफेजमध्ये अडकलेले फॅगोसोम पुढे सरकतात, आम्लता वाढते, ऑटोफॅजीला जोर येतो. दुसरे, ते केमोकाइन तयार करवून पेशींना गोळा करते आणि ग्रॅन्युलोमाची बांधणी टिकवते. तिसरे, संसर्ग झालेल्या मॅक्रोफेजला ते अॅपॉप्टोसिसकडे, म्हणजे शिस्तीत, आवरण न फाटता मरण्याकडे नेऊ शकते. असा मॅक्रोफेज दुसरी पेशी जंतूसकट गिळते आणि जंतूचे नुकसान होते. चौथे काम अप्रत्यक्ष आहे. काही सीडी-८ टी पेशी पृष्ठभागावर टीएनएफ बाळगतात आणि त्यांच्याकडे ग्रॅन्युलायसिन हे जंतूमारक प्रथिन असते. इन्फ्लिक्सिमॅब हे प्रतिद्रव्य असल्याने ते या पेशींनाच चिकटते आणि कॉम्प्लिमेंट या रक्तातल्या मारक प्रथिनांकरवी त्या नष्ट होऊ शकतात. इटॅनरसेप्ट हे विरघळणाऱ्या रिसेप्टरच्या रूपातले औषधही टीएनएफच अडवते, पण त्याच्यासोबत क्षयाचे प्रमाण प्रतिद्रव्य-औषधांपेक्षा कमी आढळते.

म्हणजे सहाव्या आठवड्यापर्यंत या रुग्णाच्या शरीरात जंतूने कोणताही नवा डाव टाकलेला नव्हता. तो जे वीस वर्षे करत होता तेच करत होता; फक्त त्याला मारणारा मॅक्रोफेज पुन्हा थंड झाला. थंड मॅक्रोफेजमध्ये जंतू १८ ते २४ तासांत दुप्पट होतो. भरून गेलेली पेशी नेक्रोसिसने, म्हणजे फुटून मरते. जंतू बाहेर पडतात, त्यांना नवे मॅक्रोफेज गिळतात, तेही थंडच. ग्रॅन्युलोमाची कडा सैल झाल्यावर हे मॅक्रोफेज लसीकेतून आणि रक्तातून जागा बदलतात आणि जिथे थांबतात तिथे १-२ मिलिमीटरचे नवे केंद्र होते.

टीएनएफ जितके जास्त तितके चांगले, असाही निष्कर्ष काढू नये. झेब्रा माशांवरच्या प्रयोगांत टीएनएफचा संकेत तोडला की जंतू वेगाने वाढतात आणि मॅक्रोफेज फुटतात. टीएनएफ अती झाले तरी मायटोकाँड्रियातल्या ऑक्सिडीकारक रेणूंमुळे मॅक्रोफेज फुटतात आणि जंतू मोकळे होतात. या रुग्णात ही दुसरी बाजूही क्षयाचे उपचार सुरू झाल्यावर सात आठवड्यांनी दिसली.

निदान कसे पक्के झाले

थुंकीचे दोन नमुने सूक्ष्मदर्शकाखाली निगेटिव्ह. यात आश्चर्य नाही. काचपट्टीवर दिसायला मिलिलिटरमागे साधारण ५,००० ते १०,००० जंतू लागतात आणि मिलिअरी क्षयात केंद्रे फुप्फुसाच्या ऊतीत असतात, श्वासनलिकेत उघडत नाहीत. पोकळी, म्हणजे कॅव्हिटी, तयार व्हायलाही जोमदार प्रतिकारशक्तीच लागते. त्यात पाच दिवसांच्या लिव्होफ्लॉक्सासिनने जंतूंची संख्या आणखी खाली नेली होती. फ्लुरोक्विनोलोन क्षयावर चांगले चालते, आणि तीच अडचण आहे: ताप उतरतो, नमुने रिकामे येतात, आणि आठवडाभर क्षयाचा विचार मागे पडतो. टीएनएफ रोधक घेणाऱ्याला ताप आला तर आधी नमुने, मग प्रतिजैविक. आणि निवडायला वाव असेल तर फ्लुरोक्विनोलोन नको.

ब्रॉन्कोस्कोपीने धुऊन काढलेल्या द्रवात एक्सपर्ट अल्ट्रा, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी, पॉझिटिव्ह आली, जंतूंचे प्रमाण ‘कमी’, रिफाम्पिसिन-रोधाचे जनुकबदल आढळले नाहीत. मानेतल्या २ सेंटिमीटरच्या गाठीची बायोप्सीही झाली, पण अख्खा तुकडा फॉर्मलिनमध्ये गेला. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, कल्चर, म्हणजे ते वाढवून पाहणे, होत नाही. तुकड्याचे दोन भाग करायचे असतात: एक फॉर्मलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये. सुदैवाने श्वासनलिकेतला द्रव एमजीआयटी या द्रव माध्यमातल्या कल्चरलाही गेला होता.

गाठीच्या तुकड्याचे सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र मात्र बोलके होते. नेहमीच्या क्षयग्रंथीत मधोमध चीजसारखा मृत भाग, भोवती एपिथेलिऑइड पेशी, बाहेर लिम्फोसाइटचे कडे आणि जंतू मोजकेच, शोधावे लागणारे. इथे कडे नावापुरते, ग्रॅन्युलोमा विस्कळीत, आणि आम्लस्थायी, म्हणजे क्षयजंतू दाखवणाऱ्या, रंगात मॅक्रोफेजमध्ये गच्च भरलेले जंतू. अशा अहवालावर ‘ग्रॅन्युलोमा नाही, म्हणून क्षय नाही’ असा शेरा आला तर तो परत पाठवावा. टीएनएफ अडवलेल्या माणसात ग्रॅन्युलोमा नसणे हाच अपेक्षित शोध आहे, आणि आम्लस्थायी रंग मागितल्याशिवाय राहू नये.

सोबत एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह, अल्कलाइन फॉस्फेटेझ वाढलेले, सोनोग्राफीत प्लीहा मोठी. मिलिअरी क्षयात डोके दुखत नसले तरी पाठीच्या मणक्यातले पाणी तपासावे. मेंदूआवरणाला लागण असेल तर उपचार ९ ते १२ महिन्यांचे होतात आणि सुरुवातीपासून स्टिरॉइड लागते. इथे पाणी स्वच्छ होते.

उपचार

इन्फ्लिक्सिमॅब बंद. मेथोट्रेक्सेटही बंद, कारण यकृतावर तीन नवी औषधे येणार होती. ५८ किलोला एकत्रित गोळ्या रोज चार, म्हणजे आयसोनियाझिड ३००, रिफाम्पिसिन ६००, पायराझिनामाइड १,६०० आणि इथॅम्ब्युटॉल १,१०० मिलिग्रॅम, दोन महिने. पुढे आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन चार महिने. सोबत पायरिडॉक्सिन, म्हणजे ब-६ जीवनसत्त्व. इथॅम्ब्युटॉलसाठी रंग ओळखण्याची आणि दृष्टीची तपासणी सुरुवातीलाच नोंदवून ठेवली. एएलटी हे यकृताचे एन्झाइम रक्तात लक्षणांसह तिप्पट किंवा लक्षणांविना पाचपट झाले तर यकृताला त्रास देणारी औषधे थांबवायची, हा ठोकताळा.

पेशीच्या आत काय घडते त्यावरून ही निवड वाचता येते. आयसोनियाझिड जसेच्या तसे निरुपद्रवी असते. त्याला विषारी रूप देणारे एन्झाइम म्हणजे जंतूचे स्वतःचे कॅटजी. ज्या ढालीने तो मॅक्रोफेजचा पेरॉक्साइड परतवतो तीच त्याचा घात करते, आणि कॅटजी बिघडवून त्याने औषधाला रोध मिळवला तर ढालही दुबळी होते. म्हणूनच रोधक जातींत कॅटजी पूर्ण गमावण्यापेक्षा त्यातला एक ठराविक बदल जास्त दिसतो, ज्यात ढाल बरीचशी शाबूत राहते. रिफाम्पिसिन पेशीत चांगले शिरते. स्ट्रेप्टोमायसिन मात्र पेशीत हळू शिरते आणि आम्लात निष्प्रभ होते. मॅक्रोफेजच्या आतल्या जंतूंसाठी ते कच्चे हत्यार. पायराझिनामाइड उलट आम्लातच प्रभावी ठरते, म्हणून चेतलेल्या मॅक्रोफेजमधल्या आणि दाहग्रस्त ऊतीतल्या जंतूंवर ते काम करते असे पूर्वीपासून मानले जाते. नेमकी यंत्रणा अजून वादात आहे, उपयोग वादात नाही.

एक खाचखळगा स्टिरॉइडचा. वर्षानुवर्षे प्रेडनिसोलोन घेणाऱ्याच्या अधिवृक्क ग्रंथी, ज्या कॉर्टिसोल हे शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड बनवतात, मंदावलेल्या असतात. रिफाम्पिसिन यकृतातली एन्झाइमे वाढवून प्रेडनिसोलोन लवकर संपवते. म्हणजे गोळी २० मिलिग्रॅमचीच, पण शरीराला मिळते बरेच कमी. पहिल्या पंधरवड्यात रक्तदाब पडला, मळमळ आणि थकवा आला, तर ‘गोळ्या सोसत नाहीत’ म्हणून क्षयाची औषधे बंद करण्याआधी सोडियम आणि कॉर्टिसोल बघावे. इथे प्रेडनिसोलोन आधीच ४० मिलिग्रॅमवर नेले, मग हळूहळू उतरवले.

सातव्या आठवड्यातला ताप

उपचारांच्या तीन आठवड्यांत ताप गेला, वजन दोन किलोने वाढले. चौथ्या आठवड्यात कल्चर वाढले, चारही औषधांना संवेदनशील. आणि सातव्या आठवड्यात ताप परत आला. मानेतली गाठ २ वरून साडेतीन सेंटिमीटर झाली, मऊ पडली.

अशा वेळी पहिली शंका औषधरोधाची, दुसरी गोळ्या चुकल्याची, तिसरी दुसऱ्याच संसर्गाची. तिन्ही तपासायच्याच. गाठीतला पू काढला: काचपट्टीवर आम्लस्थायी जंतू दिसले, कल्चर पुढे सहा आठवडे वाढले नाही. मेलेले जंतूही रंग घेतात. एक्सपर्टही मेलेल्यांचा डीएनए ओळखते. त्यामुळे इथे उपयोगाचे ते फक्त कल्चर.

इन्फ्लिक्सिमॅबचे अर्धायुष्य साधारण ८ ते ९.५ दिवस. शेवटचा डोस होऊन चौदा आठवडे झाले होते, म्हणजे औषध व्यवहारात संपलेले. स्टिरॉइडही उतरत होते. टीएनएफ परतले, मॅक्रोफेज आणि टी पेशी पुन्हा चेतल्या, आणि त्यांच्यासमोर होता तीन महिन्यांत साचलेल्या जंतूंच्या भित्तिकेचा ढीग. जंतू मरत असताना सूज वाढते ती अशी. याला उलट प्रतिक्रिया म्हणतात. प्रेडनिसोलोन ६० मिलिग्रॅम करून आठ आठवड्यांत उतरवले, गाठीतला पू सुईने दोनदा काढला, क्षयाच्या औषधांना हात लावला नाही. टीएनएफचा अतिरेकही पेशी फोडतो, हे लक्षात घेतले तर या वेळी प्रतिकारशक्ती थोडी दाबणे विसंगत वाटत नाही. अशीच पण न शमणारी प्रतिक्रिया असलेल्या काही रुग्णांत टीएनएफ रोधक पुन्हा देऊन आराम पडल्याच्या नोंदी आहेत. तो निर्णय अनुभवी केंद्रातच घ्यावा.

पुढे काय

सहा महिन्यांनी उपचार संपले. इग्रा पुन्हा करण्यात अर्थ नव्हता. ती उपचारानंतरही बहुधा पॉझिटिव्हच राहते आणि बरे झाल्याचा पुरावा देत नाही. मधल्या काळात सांध्यांसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिन चालले. पुढच्या जैविक औषधासाठी पहिली पसंती टीएनएफला हात न लावणाऱ्याला, रिटुक्सिमॅबला, देण्यात आली. टीएनएफ रोधकच लागला असता तर इटॅनरसेप्ट.

हेच सुरुवातीला टाळायचे असते तर काय लागले असते? अनिर्णित इग्राची पुनरावृत्ती, आणि तीही अनिर्णित आली तर टी-स्पॉट, ज्यात ठराविक संख्येने पेशी मोजून घेतात. तरीही चाचणी गप्प राहिली, तर जुना संपर्क आणि कॅल्शियमचा ठिपका एवढ्यावर संसर्ग गृहीत धरून प्रतिबंधक उपचार. आधी सक्रिय रोग नाही याची खात्री; मग आयसोनियाझिड किलोमागे ५ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ३००, सहा ते नऊ महिने; किंवा रिफाम्पिसिन चार महिने; किंवा आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन असे बारा डोस. मेथोट्रेक्सेट चालू असताना आयसोनियाझिड दिले तर यकृताची तपासणी दरमहा. रिफाम्पिसिन किंवा रिफापेंटिन निवडले तर प्रेडनिसोलोनचा हिशेब वर सांगितल्याप्रमाणे नव्याने. जैविक औषधाचा पहिला डोस प्रतिबंधक उपचार सुरू होऊन किमान महिना झाल्यावर. आणि यातून नव्या संसर्गापासून संरक्षण मिळत नाही, म्हणून टीएनएफ रोधक चालू असेपर्यंत प्रत्येक भेटीत ताप, घाम, वजन आणि घरातला नवा खोकला यांची विचारपूस, आणि एकही उत्तर ‘हो’ असेल तर पुढचा डोस थांबवून नमुने.